कॉलेजच्या लेकराला लॅपटॉप घेताय? आधी हा क्रम लावा

कॅपच्या फेऱ्या उरकल्या, कॉलेज मिळालं, की फोन सुरू होतात. "भाऊ, पंचेचाळीस हजारांत कोणता चांगला?" कोर्सला काय लागतं, पोरगी राहणार कुठे, बिघडला तर दाखवायचा कुठे, यातलं काहीच ठरलेलं नसतं. आकडा तेवढा पक्का असतो. मग दुकानदार त्या आकड्यात बसणारा आणि आपल्याकडे पडून असलेला डबा समोर ठेवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला विचारलंच तेवढं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले तीन घरी बसून होतात, त्याला रुपया लागत नाही. पण नेमके तेच गाळून लोक थेट सहाव्यावर, म्हणजे दुकानात, पोचतात.

टप्पा १ : सॉफ्टवेअरची यादी

वहीचं एक पान घ्या आणि कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणकोणती सॉफ्टवेअर लागली? पहिल्या वर्षाचं विचारू नका. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना बरेचसे विषय सारखेच असतात आणि सी प्रोग्रामिंग कुठल्याही मशीनवर होतं. प्रवेश नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी इन्स्टिट्यूटला असो की तालुक्याच्या खासगी कॉलेजला, सीनियरांचे व्हॉट्सअॅप ग्रुप सगळीकडे असतात.

कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स या शाखांना १६ जीबी रॅम धरा. अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा इम्युलेटर आणि ब्राउझरचे दहा टॅब एकदम उघडले की ८ जीबीचं मशीन धापा टाकतं.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहायची. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट विंडोजवरच चालतात. मॅकबुक कितीही देखणा असला तरी या दोन शाखांना तो घेऊ नका. सॉलिडवर्क्सची कंपनीच १६ जीबी रॅम मागते. वेगळं ग्राफिक्स कार्ड मात्र सगळ्यांना लागत नाही. ऑटोकॅडमधली साधी द्विमितीय ड्रॉइंग त्याच्याशिवाय होतात, मोठी असेंब्ली आणि रेंडरिंग करायची असेल तरच त्यावर पैसे घाला.

बीकॉमला टॅली आणि एक्सेल. टॅलीला जड मशीन लागत नाही, पण विंडोज लागतं, म्हणून क्रोमबुक बाद. सरावासाठी टॅलीचा शैक्षणिक मोड फुकट असतो, त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेता येतात, आणि शिकायला तेवढं पुरतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी अॅग्री, बीए, बीएड अशांना वर्ड, एक्सेल, पीपीटी आणि ऑनलाइन तास एवढंच असतं. ८ जीबी रॅम चालेल, पण ती वाढवता येणारी हवी. कशी ओळखायची ते चौथ्या टप्प्यात.

आणि लातूरला नीटची तयारी चालू असेल तर लॅपटॉप आत्ता घेऊच नका. दोन वर्षांनी कोर्स कुठला मिळतो त्यावर सगळं बदलेल, तोवर मशीन जुनं होईल आणि खोलीत सिनेमे बघायची सोय तेवढी होईल.

*थांबा:* स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप हलके असतात, बॅटरीही जबरदस्त चालते. पण त्यांची घडण वेगळी असल्यामुळे इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर आणि जुने ड्रायव्हर त्यावर अडतात. यादीतलं एकूण एक सॉफ्टवेअर चालतं अशी खात्री झाल्याशिवाय घेऊ नका. इंजिनिअरिंगच्या पोरांना मी सरळ नको म्हणतो.

टप्पा २ : लॅपटॉप राहणार कुठे

याचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही, आणि आपल्या भागात हाच सगळ्यात महत्त्वाचा.

रोज एसटीने अप-डाऊन असेल तर वजन आधी बघा. पावणेदोन किलोच्या आतला पाठीवर जाणवत नाही. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोच्या पुढे जातो, त्याचा अॅडॉप्टरच विटेएवढा असतो, आणि तो घरी राहिला तर दुपारी लॅपटॉप बंद. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांच्या खोलीत चौघांत दोन सॉकेट असतात, त्यातल्या एकावर कायम कुणाची तरी इलेक्ट्रिक शेगडी.

लाइट जाणारं गाव असेल तर बॅटरीचा आकडा वॉट-अवरमध्ये विचारा. "आठ तास चालते" या वाक्याला अर्थ नाही. स्वस्त मशीनमध्ये ४१-४२ वॉट-अवर सर्रास असते. ५० किंवा त्याहून जास्त मिळाली तर फरक रोज जाणवतो. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा मिळाला तर आणखी उत्तम, अॅडॉप्टर गेला तर दुसऱ्या कंपनीचा ६५ वॉटचा चार्जरही बहुतेक वेळा चालतो. आणि कीबोर्डला दिवा असेल तर लोडशेडिंगच्या रात्री त्याची खरी किंमत कळते.

उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या पुढे जातो. बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या मशीनची हवा कोंडली की ते स्वतःच स्वतःचा वेग कमी करतं. लोक म्हणतात, "नवीन असून हँग होतो." तो हँग होत नाही, जीव वाचवत असतो. म्हणून अशा घरात फार ताकदीचा, तापणारा प्रोसेसर घेणं म्हणजे पैसे देऊन ती ताकद न वापरणं.

आता सर्व्हिस. ब्रँड ठरवण्याआधी त्या कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा आणि दोन पिनकोड सांगा, एक गावाचा आणि एक कॉलेजचा. विचारा: "ऑनसाइट वॉरंटीत माणूस इथे येतो का? नसेल तर मशीन कुठे आणून द्यायचं?" डब्यावर ऑनसाइट लिहिलेलं असतं, पण म्हणून प्रत्येक तालुक्याला इंजिनिअर येतोच असं नाही. किनवटचं पोरगं कीबोर्डच्या एका बटणासाठी नांदेडला निघालं तर त्याचा अख्खा दिवस जातो, आणि सुटा भाग मागवावा लागला तर तोच फेरा पुन्हा.

*तपासा:* या टप्प्यानंतर कागदावर चार गोष्टी हव्यात: रॅम किती, वजन किती, बॅटरी किती, आणि दोन्ही पिनकोडना सर्व्हिस असलेल्या दोन-तीन कंपन्यांची नावं. नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : पैसे किती आणि कधी

प्रवेश पावसाळ्यात होतात आणि सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला हातात येतो. मधल्या दोन-तीन महिन्यांत उसनवारी किंवा हप्ते ठरलेले. पहिल्या सत्रात कॉलेजची लॅब पुरते. हात मोकळा नसेल तर बिनधास्त दिवाळीपर्यंत थांबा, तेव्हा सूटही असते आणि पोराला खरंच काय लागतं तेही कळलेलं असतं. "सगळ्यांकडे आहे" हे कारण ऑगस्टमध्ये फार ऐकू येतं, ते मनावर घेऊ नका.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर कोर्ससाठी लागणारा कॉम्प्युटर त्यात बसू शकतो. पण अर्ज करतानाच खर्चाच्या तक्त्यात तो दाखवा आणि दुकानाचं कोटेशन जोडा. आधी घेऊन मग बँकेकडे बिल नेलं की मॅनेजर हात वर करतो.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज नसतं असं समजू नका. बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दाखवते. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा वर प्रोसेसिंग फी द्यावी लागते. रोख घेतला तर कितीला, हे आधी विचारा. बऱ्याचदा रोखीची सूट वेगळी असते आणि ईएमआय म्हटलं की ती गायब होते.

एकूण पैशातून चार-पाच हजार आधीच बाजूला काढा: चांगली बॅग, माउस, स्पाइक गार्ड, बॅकअपसाठी डिस्क आणि जमलं तर वाढीव वॉरंटी. उरलेला आकडा हे लॅपटॉपचं खरं बजेट.

*सावधान:* "पंतप्रधान मोफत लॅपटॉप योजना" म्हणून फिरणारी लिंक उघडू नका. असे मेसेज खोटे असल्याचं सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने वारंवार सांगितलेलं आहे. त्या लिंकवर आधार नंबर आणि ओटीपी मागतात, ते त्यांना हवे असतात.

टप्पा ४ : नंबर वाचायला शिका

इथे घाई करू नका. दुकानात "आय-फाइव्ह आहे" म्हणतात आणि आपण मान डोलावतो. आय-फाइव्ह हे प्रोसेसरच्या घराण्याचं नाव झालं, माणूस कोण ते त्याच्या पुढच्या नंबरात असतं.

उदाहरण घ्या. आय५-७२००यू आणि आय३-१२१५यू. पहिला सातव्या पिढीचा, २०१६ सालचा, दोन कोअरचा. दुसरा बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा. आय-थ्री असूनही दुसरा कितीतरी वेगवान आहे, आणि जुन्या मालाच्या दुकानात पहिलाच "आय-फाइव्ह, एकदम फास्ट" म्हणून विकला जातो. इंटेलच्या पाच आकडी-अक्षरी नंबरात सुरुवातीचे एक किंवा दोन आकडे म्हणजे पिढी. बारावी किंवा तिच्या पुढची घ्या. नव्या मशीनवर आता "आय" अक्षर गेलेलं दिसेल, कोअर ५ किंवा कोअर अल्ट्रा ५ असं लिहिलेलं असतं. घाबरू नका, ते नवंच आहे.

शेवटचं अक्षरही वाचा. यू म्हणजे कमी वीज, कमी उष्णता, हलकं मशीन. एच म्हणजे ताकद जास्त, तापही जास्त. दुसऱ्या टप्प्यातली पत्र्याची खोली आठवून ठरवा.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहायचा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे ऐकायला सख्खे भाऊ वाटतात. पण ७५२० मधला २ सांगतो की आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ ची, आणि कोअर चार. ७५३० ची रचना झेन ३ आणि कोअर सहा. डब्यावर दोघांच्याही "रायझन ५, ७००० सिरीज" असंच मोठ्या अक्षरात असतं. दोघांच्या किमतीत थोडासाच फरक असेल तर तो द्या.

सेलेरॉन आणि एन१०० सारखे प्रोसेसर टायपिंग आणि व्हिडिओपुरते. पदवीची तीन-चार वर्षं त्यावर काढायला लावू नका.

रॅमचा मुख्य प्रश्न असा: ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये? सोल्डर केलेली ८ जीबी कायमची ८ जीबीच राहते. वर सांगितलेल्या ७५२०यू ला स्लॉटमधली रॅम चालतच नाही, तो सोल्डर केलेल्याच रॅमसोबत येतो. स्लॉट असेल आणि एक रिकामा असेल तर आज ८ घ्या, पुढच्या वर्षी दुसरी ८ टाका. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो.

साठवण ५१२ जीबी एसएसडी. "१ टीबी हार्ड डिस्क" हे ऐकायला मोठं आहे, पण एवढं एकच असेल तर तो जुना पडून राहिलेला माल समजा. ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू, स्वस्तातली साठवण) असं लिहिलेलं मशीन हातातही घेऊ नका.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस पॅनेलची. स्वस्तातलं टीएन पॅनेल ओळखायचं तर लॅपटॉप समोर ठेवून उभे राहा आणि वरून पाहा. रंग बदललेले दिसले की तेच. बाकी टचस्क्रीन, फिंगरप्रिंट, "एआय"चं स्टिकर यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

*तपासा:* मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली डझनभर प्रकार असतात. कंपनीचा पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या आणि तोच कंपनीच्या साइटवर टाकून रॅम, स्क्रीन, बॅटरी पडताळा.

टप्पा ५ : जुना घ्यायचा असेल तर

ऑफिसातून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे जुन्यातले सगळ्यात मजबूत. कमी बजेटात नव्या सेलेरॉनपेक्षा मी यातलाच एखादा सुचवीन. पण तीन अटींवर.

पिढी आठवीच्या खालची नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर दुकानदार जुगाड करून ११ टाकून देतो, पुढचे अपडेट कधी अडतील याची हमी कोण देणार?

बायोसला, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड नाही हे स्वतः आत जाऊन बघा. असेल तर ते मशीन कुठून आलं हा प्रश्न पडतो.

बॅटरीचा अहवाल काढा. शोधपट्टीत सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, आणि एंटर. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही खाली दिसतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी या दोन ओळी पाहा. पहिली ५०,००० आणि दुसरी ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे. नव्या बॅटरीची किंमत विचारा आणि तेवढी सौद्यातून वजा करा.

टप्पा ६ : दुकान की ऑनलाइन

दोन्हीकडचा भाव एकाच पार्ट नंबरचा विचारा, नाहीतर तुलना व्यर्थ. फरक हजार-पंधराशेचा असेल तर मी जवळच्या दुकानातून घेईन. मशीन अडलं तर बोलायला एक चेहरा असतो.

दुकानात तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या. भाव जीएसटीसकट आहे का? "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणाले तर उठा, बिलाशिवाय वॉरंटीचा तंटा निस्तरता येत नाही. विंडोज मूळचं आहे की डॉसचं, म्हणजे विंडोज नसलेलं, मशीन आहे? आणि "ऑफिस टाकून देतो" म्हणजे नेमकं काय? फुकट टाकून दिलेलं ऑफिस हे क्रॅक असतं आणि व्हायरस बहुधा त्याच वाटेने येतो. बऱ्याच नव्या मशीनसोबत मूळ ऑफिस येतं, ते ठरावीक मुदतीत सुरू करून घ्यावं लागतं. एक वर्षाचं मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि कायमचं ऑफिस यात गल्लत करू नका.

ऑनलाइन मागवला तर ओपन बॉक्स डिलिव्हरी निवडा. ओटीपी आधी सांगू नका, मशीन पाहून झाल्यावर सांगा.

टप्पा ७ : डबा उघडताना

जिथे उघडाल तिथे मोबाइलचा हॉटस्पॉट लागेल, विंडोज सुरू होताना इंटरनेट मागतं. अर्धा तास काढून जा. दुकानदार "घरी जाऊन करा" म्हणतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

१. सीलपासून सुरुवात करून उघडतानाचा व्हिडिओ घ्या, मध्ये थांबवू नका.

२. डब्यावरचा, मशीनच्या बुडावरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर जुळवा. एक अंक चुकला तरी बिल बदलून घ्या.

३. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर तारीख दुरुस्त करून द्यायला सांगा, नाहीतर दुसरा डबा मागा.

४. मशीन सुरू करताना खातं पोराच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा. दुकानातला मुलगा घाईत स्वतःचं खातं टाकून देतो, ते चालू देऊ नका. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची ४८ अंकी चावी त्या पहिल्या खात्यात जाते. उद्या निळ्या पडद्यावर ती चावी मागितली आणि खातं दुसऱ्याचं असलं, तर चार सत्रांचे प्रोजेक्ट आत अडकतात.

५. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आणि स्लॉट किती वापरात ते दिसतं. ५१२ जीबीची डिस्क ४७६ जीबी दिसेल, ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

६. नोटपॅडमध्ये प्रत्येक बटण दाबा. पांढऱ्या आणि काळ्या पूर्ण पडद्यावर ठिपका शोधा. सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, स्पीकर तपासा.

टप्पा ८ : पहिला आठवडा

थ्री-पिन प्लग टू-पिन कन्व्हर्टरमध्ये घालू नका. धातूच्या मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही, वायरमनला दाखवा. अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट झेपतो, त्यामुळे कमी-जास्त दाबाची फार चिंता नको. धोका लाइट परत येतानाच्या झटक्याचा असतो. गेली की पिन काढायची सवय लावा.

दिवसभर प्लगवरच राहणारं मशीन असेल तर कंपनीच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा.

बिलाचा फोटो पोराच्या ड्राइव्हवर आणि घरच्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा, छापील बिलाची शाई वर्षभरात उडते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती ४८ अंकी चावी दिसते का ते एकदा पाहा आणि कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा. आणि परत घेण्याची किंवा बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर वाचा. त्या मुदतीत यादीतलं सगळ्यात जड सॉफ्टवेअर टाकून दोन तास सलग चालवून बघा. जे बिघडायचं असेल ते तेव्हाच बिघडू द्या.